डाग कडेला का मधी?

रक्तात साखर निघाल्यावर गुंडा कोळेकरने दोन गोष्टी तत्काळ सोडल्या: चहातली साखर आणि दवाखाना. पहिली चार दिवसांत परत आली. दुसरीबाबतचा निग्रह मात्र तीन वर्षं टिकला.

मंगळवेढ्याकडं बापाची मेंढरं राखत वाढलेला गुंडा चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात वीस वर्षं चेकिंगला होता. टॉवेल उजेडावर ताणून धरायचा आणि गाठ, तुटका धागा, डाग हुडकायचा. डाग कडेला असला तर माल निभावून जाई. मधोमध असला की सेकंडच्या, कमी भावाच्या ढिगात. सगळं पोट डोळ्यांवर. म्हणून डोळ्यांची परीक्षा तो रोज घरीच घेई. बायको कस्तुराबाई सकाळी गोधडीची सुई पुढं करी, तो दोरा ओवी. परीक्षक तोच, विद्यार्थी तोच. निकाल शंभर टक्के.

लेक ऋतुजा म्हणायची, "अप्पा, नजर वेगळी, डोळ्यामागचा पडदा वेगळा. तो आतनं तपासावा लागतो."

"आत काय बघायचंय? अंधारच असतोय की."

मग थोरल्या भावाच्या, रावजीच्या डोळ्यात एका सकाळी लाल जाळं उतरलं. त्यालाही साखर होती. आदल्या दिवसापर्यंत तो मेंढरं तोंडावरून ओळखत होता. गुंडाने ही बातमी ऐकली, सुई ओवली आणि लेकीला म्हणाला, "चल."

सोलापुरातल्या दवाखान्यात डोळ्यांत थेंब टाकून त्याला बसवलं. अर्ध्या तासाने हातातला केसपेपर धुरकट झाला. गुंडा ताडकन उठला. "पोरी, गेलं की गं डोळं!"

"मामा, बसा," सिस्टर म्हणाली. "थेंबानं होतंय तसं. संध्याकाळपर्यंत जातंय. सांगितलं होतं की मगाशी."

सांगितलं होतं खरं. भीतीपुढं ऐकू कमी येतं, त्याची तपासणी अजून निघालेली नाही.

डॉक्टरांनी डोळ्यामागच्या पडद्याचा फोटो काढून संगणकावर मोठा केला. नारिंगी गोळा, त्यावर शिरांचे धागे, मध्येमध्ये लाल ठिपके. एवढं मोठं होतं, की धुरकट डोळ्यांनाही दिसलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मालात जे हुडकलं, ते इथं त्याच्याच मालात होतं.

"सायेब," त्याने विचारलं, "डाग कडेला हायत का मधी?"

डॉक्टरांनी वळून त्याच्याकडं पाहिलं. "बरोबर विचारलंत. बरेचसे कडेला. एक मध्याच्या जवळ आलाय."

"आन् मधी आला तर?"

"नजर जाईल. म्हणून साखर आवरा आणि तीन महिन्यांनी परत या. दिसतंय म्हणून घरी बसू नका."

परतताना ऊन डोळ्यांत घुसत होतं. ऋतुजाने आपला काळा चष्मा त्याला चढवला. घरी कस्तुराबाईने विचारलं, "काय म्हनले?"

"कडेला हाय," गुंडा म्हणाला. मधल्याचं बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सुई पुढं केली. दोरा पहिल्या फटक्यात गेला.

"बगा, दिसतंय की चांगलं!"

"व्हय," गुंडा म्हणाला आणि सुई हातातच धरून बसला. डाग आत होता; उजेडावर धरून बघावं असं त्या सुईत काहीच नव्हतं.