उलट्या दिशेची सतरावी फेरी

आमचे हे जन्माचे सरळमार्गी. तीस वर्षं बस चालवली, एकदा सिग्नल तोडला नाही, आणि निवृत्त झाल्यावर काम कसलं धरलं? तर महामार्गावर मुद्दाम उलट्या दिशेने गाडी घालायचं. रस्ता बंद ठेवून, अर्थात. चुकीच्या बाजूने गाडी शिरली की खांबावरच्या कॅमेऱ्याने ती ओळखायची आणि लाल दिवे पेटवायचे, त्याची ही चाचणी. तिथे सगळे ह्यांना 'उलटे काका' म्हणतात. म्हटलं, चला, माझं मत बाहेरच्यांनाही पटलं!

शेवटच्या दिवशी घरच्यांना बघायला बोलावलं होतं. सोळा फेऱ्या झाल्या, सोळाही वेळा दिवे पेटले. इंजिनियर बाई पास म्हणून सही करणार, तेवढ्यात हे म्हणाले, "अजून एक मारतो."

ही फेरी ह्यांनी अगदी सावकाश मारली, कठड्याच्या कडेकडेने, शिस्तीत. कॅमेरा ढिम्म.

बाई वैतागल्या. "काका, असं कोण चालवतं? उलटा घुसणारा एक तर घाईत असतो, नाहीतर प्यायलेला."

"आपण चुकलोय हे ज्याला माहीतच नसतं, तो असाच चालवतो."

"कशावरून?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी चालवलीय. दाट धुकं होतं. ही शेजारी झोपलेली, लेक हिच्या मांडीवर. दोन किलोमीटरभर पाट्यांच्या नुसत्या पाठीच दिसत होत्या, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. समोरून कुणी आलं नाही, म्हणून वाचलो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. यंत्रणा नापास, काम पुन्हा पहिल्यापासून. त्यांची माणसं ह्यांच्याकडे खाऊ की गिळू असं बघत होती.

लेकीचं आता लग्न झालंय, आणि इतकी वर्षं ह्या माणसाने ताकास तूर लागू दिली नाही! भयंकर राग आला. हे गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं, हेही दिसत होतं, आणि त्यामुळे धड रागावताही येईना.

परतताना गाडीत न राहवून विचारलं, "रस्त्याची जरा तरी शंका आली असेल ना? मला उठवलं का नाही?"

"आली होती," हे म्हणाले. "पण तुम्ही दोघी इतक्या निवांत झोपला होतात, की वाटलं, म्हणजे मी बरोबरच चाललोय."

मी घर येईपर्यंत ह्यांच्याबरोबर समोरचा रस्ता बघत राहिले.