भोंगा गप्प बसला तेव्हा

धरणावरच्या वायरलेसच्या खोलीत बसणाऱ्या ताईला सगळे भोंगा म्हणत, आणि ते काही उगाच नाही. नुसता चहा मागवायचा असला तरी ती अशी हाक मारायची, की जिन्याखालचा पहारेकरी खाडकन उभा राहायचा. तिचा धाकटा भाऊ खाली नदीवर होडी चालवायचा. तो म्हणे, "ताईला सेट कशाला दिलाय? खिडकी उघडून दिली तरी भागेल!"

त्या दिवशी भर दुपारी धरणाचा दरवाजा अचानक उघडावा लागला. पाणी सुटलं! ताईने बटण दाबलं, "होडी सोडू नका! धक्का रिकामा करा!" मधल्या टेकडीमुळे तिचं बोलणं धक्क्यावरच्या भावाच्या सेटवर नीट पोहोचत नसे. पुलावरचे काका किंवा खाणीवरचा मुकादम ते ऐकून पुढे सांगायचे. आज दोघांनाही चेव चढला. दोघं एकाच वेळी ओरडायला लागले, आणि ताई तर थांबेचना.

दम घ्यायला तिने बटण सोडलं, तेवढ्यात काकांचा घाबरा आवाज आला. "अगं, धक्क्यावर नुसती खरखर जातेय! तुझा भाऊ 'काय? काय?' करतोय. होडीत माणसं चढताहेत, मला इथून दिसतंय!"

"धाकट्या!" म्हणून ओरडायला ताईने तोंड उघडलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सेटवरून तिचा आवाज टेकडी ओलांडून जायचा. समजण्याइतका नाही, पण दुसऱ्याचं बोलणं बिघडवण्याइतका नक्कीच. म्हणजे भावाच्या कानाशी आपणच कालवा करतोय!

"मुकादम, एकदम गप्प! काका, तुम्ही एकटेच बोला. मीसुद्धा गप्प."

आणि बाई खरंच गप्प बसली हो! बटणाकडे हात जाऊ नये म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून, ओठ चावत. काका एकेक शब्द सुटा करून सांगत होते. मग तेही थांबले. ताईचा जीव टांगणीला लागला.

"उतरले! सगळे वर पळताहेत!" काका ओरडले. "पाणी आलं बघ, होडी गेली वाहून, पण आत कुणी नाही!"

"आणि तो?"

"तो सेटवर माझं डोकं खातोय. विचारतोय, ताईचा आवाज का नाही? तिला काही झालं का?"

ताईने बटण दाबलं. आणि "धाकट्या!" म्हणून अशी हाक मारली, की जिन्याखालचा पहारेकरी खाडकन उभा राहिला.