ओळखीचं जहाज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या वाडीतले नाही.

जयगडजवळ माझं घर. सगळी नोकरी जहाजावर झाली, जग बघितलेला माणूस म्हणून फोनवर काही आलं की लोक मलाच दाखवतात. शेजारचा सतीशही आला होता, आईला घेऊन. फेसबुकवर जहाजावरच्या नोकरीची जाहिरात — एजंट कधी न भेटलेला, पैसे आधी भरायचे. खाली जहाजाचा फोटो.

फोटो बघितला आणि — कसं सांगू? — पुढच्या कठड्याला आलेला पोचा मी ओळखला. तिथे क्रेन आदळली तेव्हा मी जवळच उभा होतो. फोटोत नाव दुसरं घातलेलं, पण जहाज तेच. आणि ते जहाज आता उरलेलंच नव्हतं. गुजरातच्या किनाऱ्यावर ते भंगारात काढलं, तेव्हा शेवटी उतरलेल्यांत मी होतो.

एवढंच सांगायचं होतं. एक वाक्य. का नाही सांगितलं?

माझा मुलगा पहिल्याच सफरीतून परत आला होता. त्याला बोट लागायची. आता हातखंब्याला रिक्षा चालवतो. सतीशने एकदा नाक्यावर चारचौघांत त्याच्या उलट्यांची नक्कल केली. सगळे हसले. मीही हसलो — आणि ते मनात धरून बसलो. म्हटलं, जाऊ दे, यालाही कळू दे.

“जहाज माझ्या ओळखीचं आहे,” मी म्हणालो. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बघा, किती जपून बोललो मी.

वाटलं होतं, पैसे बुडतील, अद्दल घडेल. पण त्या लोकांनी त्याला खरंच परदेशात नेलं, पासपोर्ट काढून घेतला आणि कुठल्याशा खोलीत डांबलं. कित्येक महिने फोन नाही. त्याची आई रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर येऊन बसायची. मी आत चहा टाकायला सांगायचो. काय म्हणावं अशा माणसाला?

सतीश परत आला. पण फोन वाजला की दचकतो. नाक्यावर जात नाही. नकला करत नाही. रात्री त्याचं ओरडणं भिंतीपलीकडून ऐकू येतं, आणि माझी बायको म्हणते, बिचारा.

त्याची आई अजूनही फोन घेऊन येते. “भाऊजी, ह्यो मेसेज खरा काय, जरा बघा.” परवा जाता जाता पायरीवर थांबली. म्हणाली, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्यासारख्या जाणत्याला फसवलनी, तिथं माझा पोर तो काय?”

मी मान हलवली.