स्टोअर्सच्या बायकांची यादी

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "स्टोअर्सच्या बायका प्रोग्राम चालू सोडून चहाला जातात, म्हणून मशीन बसतं. सोमवारपासून यांचे टर्मिनल काढा. मालाची कार्डं हाताने लिहू देत पहिल्यासारखी."

अंबरनाथच्या त्या कारखान्यात काचेच्या खोलीत एकच युनिक्सचं मशीन, म्हणजे मोठा कॉम्प्युटर होता, त्याला जोडलेले सगळ्या खात्यांचे टर्मिनल, नुसता पडदा आणि कीबोर्ड. स्टोअर्सला आम्ही सहाजणी. मी नववी शिकलेली, बाकी सगळं त्या मशीनसमोर बसून शिकले बघा. आता कार्डं? हॅट!

जवळच्या कॅम्प एक वस्तीतल्या रद्दीवाल्याकडून मी एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. तो म्हणाला, "दीदी, ये मशीनवालों की किताब है." म्हटलं, "तो मैं क्या भेल बेचती हूँ?"

त्यात लिहिलेलं, की चालू असलेल्या प्रत्येक कामावर माणसाचं नाव असतं, तसं त्याच्या गटाचंही असतं. आमच्याकडे एक खातं म्हणजे एक गट. सहाजणींची नावं एकेक करून दाखवली असती, तर साहेब म्हणाले असते, सातवी लपवली. त्यापेक्षा मशीनकडून अख्खा गटच मागायचा.

शनिवारी मशीन बसलं, तशी साहेबांना खुर्चीपाशी बोलावलं आणि टाइप केलं: ps -e -o group,user,args | grep stores. म्हणजे चालू असलेली सगळी कामं काढ आणि त्यातली stores गटाची दाखव, एका ओळीत एक काम.

ओळी आल्या, अर्धा पडदासुद्धा भरला नाही. साहेबांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय? आणखी एक!"

"ती शोधणारी कमांड आहे, साहेब. मी दिली ना, म्हणून आमच्याच गटात मोजली जाते."

एक ओळ मात्र सकाळपासून विसरलेली होती, आणि ती माझीच. त्यांच्यासमोर बंद केली. मशीन तरी हलेना.

मग stores खोडून accounts लिहिलं. ओळी वर सरकतच राहिल्या. एकेका नावावर तोच रिपोर्ट चार-चार वेळा. अकाउंट्सचे भाऊलोक सुटीचा भोंगा वाजला की टर्मिनलचं मागचं बटण बंद करून पळायचे. पडदा काळा झाला म्हणजे काम संपलं, असं त्यांना वाटायचं. आत काम चालूच! दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तोच रिपोर्ट लावायचे, आणि त्या ओझ्याने मशीन बसायचं.

साहेब घसा खाकरत म्हणाले, "बरं, राहू देत टर्मिनल. पण बाई, असल्या कमांड तुम्ही देऊ नका."

सोमवारी आल्या आल्या मी पहिली तीच कमांड दिली. दोन्ही गटांची.