वळणावरचा पाला

शालूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. दवाखान्यातून निखिल बोलत होता. "काकू, आई गेली," एवढंच म्हणाला. शालूताई माझी मोठी जाऊ, निखिल तिचा मुलगा. विश्रांतवाडीत एकाच इमारतीत, वरच्या-खालच्या मजल्यावर, आमचे संसार झाले.

तिचं माहेर चंद्रपूरकडचं, ताडोबाच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून. उद्यानाच्या फाटकापासून निघणारा रस्ता तिच्या दारावरून शहराकडे जातो. पुढे एका वळणावर मोहाच्या झाडाखाली वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड आहे. गाव सोडून निघालेल्यानं तिथं उतरून हिरवा पाला ठेवायचा, मगच पुढे जायचं. पाला ठेवला की परत येणं होतं, अशी तिकडची समजूत. मी शनिवार पेठेत वाढलेली. आमच्याकडे निघताना गॅस बंद केला का, एवढंच बघतात. पहिल्यांदा तिच्यासोबत गेले तेव्हा मी विचारलंच, नाही ठेवला तर काय होतं? ती शांतपणे म्हणाली, "ठेवल्याबिगर कोणी गेलंच नाही बाई, तर कसं माहीत होईन?" पुणेकरणीला निरुत्तर केल्याचं हे सुख तिनं पुढे कित्येक वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

तो रस्ता तिला तोंडपाठ होता. फाटक, मग चहाची टपरी, मग तलाव, बांबूचं रान आणि ते वळण... भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना ती आम्हाला त्यावरून फिरवून आणायची. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला निखिल फोनवर वैतागला, की म्हणायची, आमच्या रस्त्यात वाघ आडवा बसला तरी इतका वेळ नाही लागत. निखिल हसायचा. त्याला त्या गावाची ओढ अशी कधी नव्हती, आणि हे तिला लागायचं.

गेल्या हिवाळ्यात, तिची तब्येत ढासळत चालली होती म्हणून, आम्ही तिघं जाऊन आलो. परत निघताना तिनं अंगणातल्या सागाचं एक पान तोडून मांडीवर घेतलं. आम्ही दोघी मागे, निखिल फोनच्या नकाशावर भरवसा ठेवून गाडी चालवतोय. रस्त्याचं रुंदीकरण झालेलं; नकाशानं आम्हाला नव्या सरळ रस्त्यावर घातलं आणि जुनं वळण बाजूला राहिलं. मोह डावीकडे लांब दिसला तेव्हा कळलं. निखिलनं गाडी थांबवून मागे फिरू का विचारलं. ती नको म्हणाली. त्याला दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. पान तिनं पर्समध्ये ठेवून दिलं.

परवा निखिल तीच पर्स घेऊन खाली आला. पान वाळून तपकिरी झालं होतं. असल्या समजुतींना हसणारा मुलगा, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता. "काकू, तेव्हा मी गाडी वळवली असती तर..." गाडी पुन्हा सुरू झाल्यावर शालूताई माझ्या कानाशी जे बोलली होती, ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मी त्याला जवळ बसवून तिच्याच शब्दांत सांगितलं.

"माझं येणं झालं आता. मी नसल्यावर हा काऊन येईन इकडे? हे पान ठेवून देते. ते ठेवायच्या निमित्तानं तरी हा येईन."

निखिलनं पान हातात घेतलं. वाळलेलं चालतं का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, तिथं जाऊन हिरवं तोड. मग त्यानं सवयीनं फोन काढून नकाशा उघडला. बोटांनी मोठा केला, लहान केला. जुनं वळण त्यात सापडेना. शेवटी त्यानं फोन आईच्या पर्सशेजारी पालथा ठेवला.

"काकू," तो म्हणाला, "फाटकानंतर आधी काय लागतं? टपरी की तलाव?"