यमुताईंच्या गाढवाचे दोन शेवट

दुपारी जेवून मी यमुताई गोगट्यांच्या शेवटच्या गोष्टीची प्रुफं पोटावर घेते आणि आडवी होते. कुंभाराचं गाढव बाजारात हरवतं, अशी गोष्ट. शेवट दोन लिहिलेत. एकात ते घरी येतं, दुसऱ्यात येत नाही. कुठला छापायचा हे न सांगताच बाई गेल्या. अकरा महिने मी, त्यांची संपादक, डोकं फोडतेय आणि आज संध्याकाळी पुस्तक छपाईला जायचंय. डोळे मिटायला लागतात.

पायाशी यमुताई बसल्यात. माझ्याकडे पाठ करून.

"ताई, शेवट कुठला?"

"आधी चहा टाक."

हे असं! मेल्यावर तरी माणसानं सरळ उत्तर द्यावं. शोकसभांनी यांना 'मुलांची प्रेमळ आजी' करून टाकलंय, गावात यांच्या नावाचं बालोद्यानही झालंय. बावीस वर्षं तिरसटपणा सोसला तो मी.

स्वयंपाकघरात जाते तर तिथे नगरपालिकेच्या शाळेचा वर्ग भरलाय. ओट्याच्या जागी फळा, खाली मांडी घालून मुलं. छापण्याआधी प्रत्येक गोष्ट त्या अशीच मुलांना वाचून दाखवायच्या, भिंतीकडे तोंड करून. "चेहरे लबाड असतात," म्हणायच्या. "कंटाळा चुळबुळीतून कळतो."

"वाच," यमुताई फळ्याजवळून म्हणतात.

"चाळीसदा वाचलीय मी!"

"मनात. मोठ्यानं?"

एकदाही नाही. मला राग येतो, त्यांचा आणि माझाही. भिंतीकडे तोंड करून वाचायला लागते. गाढव घरी येतं तिथे कुणी खोकतं, पट्टी पडते, मागे कुजबुज सुरू होते. मग दुसरा शेवट. कुंभार रिकामा दोर हातात घेऊन परततो. संपतं.

"ऐकलंस?"

"काय ऐकायचं? काहीच ऐकू आलं नाही!"

"मग झालं तर."

मी चिडून वळते. वर्ग नाही, ताई नाहीत. मी पलंगावर आहे आणि उशाशी फोन वाजतोय. प्रकाशक नाडकर्णी.

"शालनताई, गाढव घरी येतंय ना? पोरांचं पुस्तक आहे, रडवू नका कुणाला."

"नाही येत," मी म्हणते. घशातून नुसती खरखर निघते. आवाज पार बसलाय.

"अहो, तुम्हीच रडताय की काय?"

"नाही हो. मोठ्यानं वाचत होते."