बोटीची ओटी

दळणाचे गहू निम्मेच निवडून झालेत, उरलेले परातीत तसेच. कालच्या प्रवासानं पाठ धरलीय, म्हणून जरा वही घेऊन टेकले.

मालनबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचे मालक, कानिफनाथ भाऊजी, नौदलाच्या बोटीवर स्वयंपाकी होते. लग्नानंतर ते पहिल्यांदा समुद्रावर गेले, तेव्हा जाऊबाईंनी न पाहिलेल्या बोटीलाच नवस बोलला, "माझा माणूस सुखरूप आण, तुझी ओटी भरीन." भाऊजी पेन्शन घेऊन कर्जतला आले. नवस मात्र राहून गेला. कधी म्हैस व्यायला झालेली, कधी सुनेचं बाळंतपण. पुढं बोटही निवृत्त झाली, समुद्राकाठी लोकांना बघायला ठेवली. यंदा भाऊजींना दम लागायला लागला. औषधं चालूच आहेत, पण जाऊबाईंचं एकच, "नवस फेडला न्हाई, त्याचं हाय हे."

शेवटी काल आम्ही तिघं बोटीकडे निघालो. "लोखंडाला कसली ओटी भरती?" भाऊजी गाडीत म्हणाले.

"लोखंडानंच सांभाळलं न्हवं तुमाला? मी हुते का तितं?"

फाटकावर शिपायानं नारळ काढून घेतला. "मावशी, खायच्या वस्तू आत चालत नाहीत."

"खातंय कोण रं? बोटीला द्यायचाय."

नारळ टेबलावरच राहिला. बोटीची उभी शिडी बघून जाऊबाई खालच्या बाकावर बसल्याच. गुडघे सुजलेले. खण आणि गव्हाची पुरचुंडी त्यांनी माझ्या पदरात घातली. "भारती, तू सवाशीण हायेस. माझ्या नावानं भर."

भाऊजी थांबत थांबत चढले. स्वयंपाकाच्या खोलीला आडवी दोरी होती. आत मोठाली पातेली घासून मांडलेली.

"आमच्या वेळी इतकी चकाकी नव्हती," म्हणाले आणि भिंतीला टेकले.

मी देवाचं नाव घेतलं. दोरीखालून हात घालून उंबऱ्याला कुंकू लावलं, खण ठेवला, वर गहू ओतले. निघताना भाऊजी वाकले आणि त्यातले चिमूटभर उचलून खिशात टाकले. मला वाटलं, चेष्टाच चाललीय.

खाली आल्यावर त्यांनी जाऊबाईंपुढं मूठ उघडली. "घे. देवीची ओटी भरल्यावर पुजारी परत देतो का न्हाई? या बोटीवर पुजारी मीच."

जाऊबाईंनी पदर पसरला. "सुटले बाई," एवढंच म्हणाल्या आणि पाय चोळत बसल्या. जाताना शिपायाला म्हणाल्या, "नारळ तूच फोडून खा. बोटीचा हाय."

दम काही कमी झालेला नाही. परतीच्या वाटेवर गाडीभर भाऊजींचा श्वास ऐकू येत होता. जाऊबाई मात्र त्यांच्याच खांद्यावर गाढ झोपल्या. कितीतरी महिन्यांत त्यांना अशी झोप लागली नव्हती.

आज सकाळी त्यांनी ते दाणे पाठवून दिले. "दळणात मिसळ, समद्यांच्या पोटात जाऊ दे." मी परातीत टाकले, आता ओळखूही येत नाहीत.

उठायला हवं. उरलेले गहू निवडून गिरणीत दळण टाकून यायचंय.